आठ बिंदूंच्या वाटा

द्राक्षं गोड झाली की मला धास्ती वाटू लागते.

फेब्रुवारीत ती आंबट असतात, तोवर मी बरी असते. मार्च उजाडतो, गंगापूर रोडला हातगाड्यांवर घड रचले जातात, येणारा-जाणारा एक मणी तोंडात टाकून मान डोलावतो, आणि मी रस्त्याची दुसरी बाजू धरते. नाशिकचा मार्च एका दिवसात दोन ऋतू उरकतो. पहाटे गोदेवरून येणारा वारा अजून शाल मागतो आणि दुपारी एसटी स्टँडवरच्या लोखंडी बाकाला हात लावता येत नाही. सटाण्याकडून येणाऱ्या गाड्या उन्हाळ कांद्याचा उग्र वास घेऊन येतात. माणसं उतरून गेली तरी वास रिकाम्या गाडीत बसून राहतो. कॉलेजात परीक्षा चालू असतात. पंख्याची कुरकुर आणि पेनांची खरखर, बाकी शांत. मी बाकांच्या रांगांमधून फिरते आणि एखाद्या उत्तरपत्रिकेवर घामाचा ओला पंजा उमटलेला दिसला की थांबून खिडकीबाहेर बघते.

बरीच वर्षं मी समजत होते की ही धास्ती परीक्षांची आहे. विद्यार्थी असताना लागलेली सवय शिक्षक झाल्यावरही गेली नसेल. पण परीक्षा ऑक्टोबरातही होतात, आणि तेव्हा मी मजेत डबा खाते. तेव्हा हे मान्य करायला हवं की माझी धास्ती एका ठरावीक मार्चची आहे. तो येऊन गेला, सगळं पार पडलं, तरी शरीराला अजून ते पटलेलं नाही.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नाशिकला एका कॉलेजात गणित शिकवत होते आणि पुण्याला पीएच.डी.साठी नाव घातलं होतं. माझे मार्गदर्शक, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, जूनमध्ये निवृत्त होणार होते. प्रबंध त्याआधी द्यायला हवा होता, नाहीतर नवा मार्गदर्शक, नवी समिती आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

विषय सांगते. गणिताला भिणाऱ्यांनीही पान उलटू नये, कारण तो कागदावर चार ठिपके काढून समजतो. ठिपक्यांना बिंदू म्हणू. चार बिंदू एका ओळीत काढा आणि शेजारच्यांना रेघेने जोडा: क ला ख, ख ला ग, ग ला घ. आता जे जोडले नव्हते तेवढेच जोडून दुसरी आकृती काढा. ख ला घ, घ ला क, क ला ग. पुन्हा एक सरळ ओळच तयार होते, फक्त नावांचा क्रम बदललेला. जोडलेल्यांची आकृती आणि न जोडलेल्यांची आकृती दिसायला एकसारखीच, अशा आकृतीला आमच्या शास्त्रात स्वपूरक आलेख म्हणतात. आठ बिंदूंच्या अशा आकृत्या दहाच आहेत, पण पुढे त्या झपाट्याने वाढत जातात. अशा आकृतीत एका बिंदूपासून निघून, रेघांवरूनच चालत, प्रत्येक बिंदूला एकदाच भेटणाऱ्या वाटा किती, हे मोजायचं; तीच वाट उलट चालली तर ती वेगळी धरायची नाही. एवढंच माझं काम होतं. लोकांना सांगितलं की ते विचारायचे, याचा उपयोग काय, आणि मी चहाला उठायची.

या वाटा मोजायला मला सुनंदाने शिकवलं. ती मूळची नाशिकचीच, पंचवटीतली. एम.एस्सी.ला पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो. सरांकडे तिने माझ्याआधी नाव घातलं होतं आणि डोकं तिचं माझ्याहून तेज होतं, हे मी, ती आणि सर तिघंही जाणून होतो. मग तिचं लग्न सटाण्याला झालं. तिच्या नवऱ्याचं, प्रकाशरावांचं, शेतीऔषधांचं दुकान होतं. ती तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवू लागली. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल गेलं. त्या दोन दुखण्यांच्या मध्ये कधीतरी तिच्या नोंदणीची मुदत संपून गेली, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्याही आलं नसावं, किंवा आलं असेल तर बोलली नाही.

मोजणं मात्र तिने सोडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आली की माझ्याकडे यायची, आणि आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून आठ बिंदूंच्या त्या दहा आकृत्या एकेक करून सोडवायचो. मी वाटा शोधायची, ती तपासायची. दर वेळी उत्तर सम यायचं. चार बिंदूंना एकच वाट, म्हणजे विषम. पाचालाही विषमच. सहा-सात बिंदूंत अशी आकृतीच होत नाही. पण आठवर गेलं की सम, आणि नऊलाही. तिनेच पहिल्यांदा म्हटलं की आठपासून पुढे हे कायम सम असणार. आणि आम्ही दोघींनी मिळून त्याची सिद्धताही लिहिली. माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण त्यावर उभं होतं, आणि पुढची सगळी त्या प्रकरणावर.

त्या मार्चच्या सुरुवातीला मी पुण्याला गेले. सरांनी माझं प्रकरण वाचून ठेवलं होतं. आमची सिद्धता साधी होती. स्वपूरक आकृतीत बिंदूंची एका ठरावीक पद्धतीने अदलाबदल केली की जोडलेले सुटतात आणि सुटलेले जोडले जातात. तीच अदलाबदल पुन्हा केली की आकृती मूळ रूपावर येते, पण तिच्यातली एकेक वाट दुसऱ्या वाटेच्या जागी जाऊन बसते. म्हणजे वाटांच्या जोड्या लागतात, आणि जोड्या लागल्या की संख्या सम. सरांनी फळ्यावर चार बिंदू काढले, आमची अदलाबदल दोनदा केली आणि बाजूला झाले. चार बिंदूंची ती एकुलती एक वाट उलटी होऊन स्वतःच्याच जागी येऊन बसली होती.

ते म्हणाले, "जी वाट स्वतःवरच येऊन बसते, तिला जोडीदार कुठला?"

मी म्हणाले, आठपासून पुढे अशा वाटा नसतील. त्यांनी एका मिनिटात आठ बिंदूंत अशी वाट काढून दाखवली. मग त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि सांगितलं की विधान बहुधा खरं असेल, पण बहुधा खऱ्याला पदवी मिळत नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत संगमनेरच्या थांब्यावर मी उतरलेसुद्धा नाही. खिडकीच्या काचेवर बोटाने बिंदू काढत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, वाटतंय.

त्या वेळी सुनंदा तिसऱ्यांदा गरोदर होती. सातवा चालू होता. गर्भाची वार खाली आहे, केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो, असं सांगून डॉक्टरांनी तिला पडून राहायला लावलं होतं. मी रविवारी सटाण्याला जायची. पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, मग सोग्रस फाट्याला गाडी वळली की हवा कोरडी होत जायची आणि शेतांत काढलेल्या कांद्याचे ढीग दिसू लागायचे. त्या रस्त्यावर मला नेहमी झोप लागायची. सरांकडून आल्यानंतरच्या रविवारी लागली नाही.

प्रकाशराव मला दारातच भेटले. सभ्य, मितभाषी माणूस. दुकानातल्या औषधांचा वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा. त्यांनी मला अंगणात थांबवून हळू आवाजात विनंती केली, की मेधाताई, अभ्यासाचं काही बिनसलं असेल तर तिला सांगू नका. डॉक्टरांनी मनाला ताण नको म्हणून सांगितलंय. मी मान हलवली. मला ते सोयीचंही होतं. ती चूक मोठ्याने उच्चारायचा माझ्यात धीर नव्हता.

सुनंदाच्या खाटेच्या पायाखाली विटा घालून पायथा उंच केला होता, त्यामुळे ती उतारावर झोपल्यासारखी दिसायची. चेहरा सुजला होता. खिडकीला ओली चादर लावली होती आणि तिच्यातून पिवळा उजेड येत होता. तिच्या सासूबाई, त्यांना सगळे जिजी म्हणत, जमिनीवर बसून कांद्याची पात निवडत होत्या.

"उनी का मेधा? बैस. पयले पाणी पी ले," त्या अहिराणीत म्हणाल्या.

मी पाणी प्यायले. इकडचं तिकडचं बोलले. कॉलेज, परीक्षा, पंचवटीतली तिची आई. सुनंदा छताकडे बघत ऐकत होती. मग तिने विचारलं, सर काय म्हणाले. मी सांगितलं, चांगलं झालंय म्हणाले.

"सर चांगलं कधीच म्हणत नाहीत," ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

जिजींच्या हातातली पात थांबली. माझ्या मनात एकच विचार होता, की आता हिला काही झालं तर ते माझ्यामुळे. सांगितलं तरी माझ्यामुळे आणि न सांगितलं तरीही.

"दोन महिने झाले, या घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात," ती भिंतीलाच म्हणाली. "दार हळू लावतात. भांडी हळू ठेवतात. मी गेल्यासारखी. मेधा, तू तरी माझ्याशी मोठ्याने बोल."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, फळ्यावरच्या चार बिंदूंसकट. तिने मान वळवली तेव्हा तिचे डोळे मला आठवतात. कित्येक महिन्यांत तिच्याकडे कुणी पोटाखेरीज दुसरं काही मागितलं नव्हतं.

उताणं झोपून पेनने लिहिता येत नाही, शाई मागे पळते. जिजींनी कुठून तरी पेन्सिल आणली. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा तिच्या तोंडासमोर धरायला लागायचा. माझा हात दुखला की तो जिजी धरायच्या. धरता धरता म्हणाल्या, "पोटमा लेकरू शे, डोकामा काय शे ते तुमलेच माहीत." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती की कौतुक, मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी काही सुटलं नाही. प्रकाशराव दुकानातून आले, पुठ्ठा बघून उंबऱ्यातच उभे राहिले. मग स्वतःचं ताट घेऊन तिच्या खाटेशेजारी जेवायला बसले आणि जरा मोठ्या आवाजात तिला विचारलं, झालं का गणित.

मधले दिवस कसे गेले ते सांगायला माझ्याकडे घटना नाहीत. टायपिस्टकडे प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं तयार होऊन पडली होती आणि तो रोज निरोप पाठवायचा की पुढचं द्या. मी परीक्षेच्या वर्गात उभी राहून काचेवर, तळहातावर, साडीच्या निऱ्यांवर बोटाने बिंदू काढायची. एसटीडी बूथवर रांगेत उभी राहून सटाण्याचा नंबर फिरवायची आणि घंटी वाजत असताना मनात म्हणायची, जिजींनी उचलू दे. दुसऱ्या कुणी परक्याने उचलला तर घरात गर्दी आहे असा अर्थ. काळजी अशी विचित्र असते. माझ्या दोन काळज्या होत्या आणि त्यांनी एकमेकींचे मुखवटे चढवले होते. प्रमेयाचा विचार करायला बसले की सुनंदाचं रक्त दिसायचं, आणि तिच्यासाठी देवापुढे हात जोडले की डोळ्यांसमोर स्वतःवर येऊन बसणारी ती वाट.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा आभाळ उगाच दाटून आलं होतं. मार्चमधलं आभाळ नाशिक जिल्ह्यात कुणाला आवडत नाही. दुपारची जेवणं झाली होती. सुनंदाची बोटं चादरीवर बिंदू काढत चालू होती. अचानक ती म्हणाली, "मेधा, जिजींना बोलव," आणि तिच्या आवाजावरून मला कळलं की रक्त सुरू झालंय.

शेजाऱ्यांची जीप होती. तिच्या मालकाला सगळे दादा म्हणत. मागच्या दोन्ही बाकांवर फळी टाकून गादी अंथरली. पायांखाली उशा, डोकं माझ्या मांडीवर, जिजी पायांशी, प्रकाशराव पुढे. सटाण्याच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन देऊन सांगितलं होतं की इथे थांबू नका, नाशिक गाठा.

गावाबाहेर निघालो आणि जीप थांबली. दुसऱ्या दिवशीच्या लिलावासाठी आदल्या दुपारपासूनच ट्रॅक्टर लागले होते. कांद्याने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग बाजार समितीच्या दारापासून रस्त्यावर आली होती, आणि समोरून आलेल्या ट्रकमुळे दोन्हीकडे कोंडी झाली होती. प्रकाशराव उतरले. ते ओरडले नाहीत. पहिल्या ट्रॅक्टरवाल्याजवळ जाऊन काहीतरी बोलले. तो खाली उतरला, जीपमध्ये एकदा बघितलं आणि पुढच्याला हाक मारली. मग माणसं ट्रॅक्टरवरून उतरू लागली. जागा नव्हती तिथे ट्रॉल्या रस्त्याच्या खाली घातल्या गेल्या. एकीचं चाक चारीत गेलं, ती कलली आणि कांदे घरंगळत रस्त्यावर आले. ज्याचे होते तो पायांनी ते बाजूला सारत आमच्या जीपला वाट दाखवत राहिला. मला त्याचं तोंड आठवत नाही, नुसते त्याचे पाय आठवतात, अनवाणी, कांद्यांतून चाललेले.

देवळ्याच्या पुढे सुनंदाने डोळे उघडले.

"ज्या वाटा स्वतःवर येऊन बसतात," ती म्हणाली, "त्या उलट्या होऊनच बसतात ना?"

मी म्हणाले, सुनंदा, आत्ता नको.

"आत्ताच. नंतर मला भूल देतील." तिचा श्वास तुटत होता, पण शब्द जागच्या जागी होते. "उलटी होऊन बसते म्हणजे तिचे दोन अर्धे सारखे आहेत. तिला मधोमध दुमड. मग सगळी आकृतीच दुमडते. दुमडलेल्या आकृतीत ती पुन्हा वाटच असते. तिथे पुन्हा जोड्या लाव."

"आणि तिथेही स्वतःवर बसली तर?"

"तर पुन्हा दुमड. आता जे उरेल ते दोन्ही टोकांकडून मोजलं जातं. इकडून एकदा, तिकडून एकदा. झाली जोडी."

मी विचारलं, मग चाराला का होत नाही. खरं तर मला त्या क्षणी चाराचं काही पडलेलं नव्हतं. ती बोलत राहावी म्हणून विचारलं. ती हसल्यासारखी झाली.

"चाराला दुमडून दुमडून एकच बिंदू उरतो. एकट्या बिंदूला दोन टोकं कुठून येणार?"

जिजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं ती वातात बडबडते आहे. मी त्यांना मानेने सांगितलं की नाही, शुद्धीवर आहे. मग सुनंदाने मला ते सगळं परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. एका जागी चुकले, तर तिने सुधारलं. पिंपळगावच्या अलीकडे गारा सुरू झाल्या. टपावर असा आवाज की नंतरचं मला तिचं काही ऐकू आलं नाही, फक्त ओठ हलताना दिसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढणीला आलेल्या बागा उभ्या होत्या आणि पानं फाटून खाली पडत होती. दादांनी एकदाच "गेलं" म्हटलं आणि वेग कमी केला नाही.

हॉस्पिटलात तिला थेट आत नेलं. रक्त लागलं. प्रकाशराव रक्तपेढीकडे धावले, जिजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. मी व्हरांड्यात उभी होते. साडीवर तिचं रक्त वाळत होतं आणि डोक्यात तिची सिद्धता होती. ती जगात आता फक्त दोन ठिकाणी होती. एक जागा आत टेबलावर भुलीखाली, आणि दुसरी मी. मी विसरले तर? पर्समध्ये पेन होतं, कागद कुणीही दिला असता. पण मला लिहावंसं वाटेना. लिहून घेतलं की तिला परत विचारायची गरज उरणार नाही, आणि गरज उरली नाही की मग काय होईल, असं काहीतरी वेडगळ मनात आलं. म्हणून मी ते लिहिलं नाही. नुसतं म्हणत राहिले. दुमड, पुन्हा दुमड, दोन टोकं. शेजारून जाणाऱ्या नर्सला वाटलं असेल की बाई जप करते आहे. तो जपच होता.

मुलगी झाली. तळहाताएवढी म्हणतात, तशी खरोखरच. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सुनंदाला वाचवताना पिशवी काढावी लागली, आणि ते तिला कोण सांगणार हे बाहेर आम्हाला ठरवता येईना. शेवटी जिजी आत गेल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक. बाहेर आल्या तेव्हा पदराने तोंड पुसत होत्या, आणि मला म्हणाल्या की ती तुला बोलावते आहे.

सुनंदाचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. तिने आधी विचारलं, पोरीला बघितलंस का. मी सांगितलं, बघितलं, मुठी आवळून झोपली आहे. मग ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

"लिहिलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग लिही आता. मी सांगते."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्येच तिला रडू आलं आणि मीही थांबले. मग तिने पुढचं वाक्य सांगितलं.

प्रबंध जूनच्या आत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं आणि ही दुमडण्याची कल्पना सुचली कशी असं विचारलं. मी सांगितलं, ती माझी नाही, आणि कुणाची व कुठे सुचलेली ते सांगितलं. ते प्रबंधातही लिहिलं होतं. सर मागच्या खुर्चीवर चष्मा पुसत बसले होते. नंतर त्यांनी स्वतः बसून आमच्याकडून शोधनिबंध लिहून घेतला आणि सुनंदाचं नाव आधी घालायला लावलं. तो छापून आला तेव्हा ती मुलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या घालत होती. अपुऱ्या दिवसांच्या त्या मुलीची, रेवाची, दृष्टी कमजोर निघाली. पाटी धरायच्या आधी तिला जाड भिंगांचा चष्मा लागला.

मला पदवी मिळाली, बढती मिळाली, पुढे विद्यार्थीही मिळाले. सुनंदाची वर्षं मुलीच्या डोळ्यांत, ज्युनियर कॉलेजच्या वर्गांत आणि शेवटी जिजींच्या आजारपणात गेली. जिजींचं तिने सगळं केलं. फोनवर आम्ही बोलायचो. आधी बूथवरून, मग घरून, मग मोबाइलवरून. ती गणिताचा विषय काढायची नाही आणि मीही नाही. मार्चमध्ये मात्र मी तिला उगाचच जास्त फोन करायची. एकदा ती म्हणाली, द्राक्षं गोड झाली वाटतं.

मग मागच्या वर्षी जिजी गेल्या, रेवा चष्म्यामागून भराभर पुस्तकं वाचण्याएवढी झाली, आणि सुनंदाचा एक फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, संख्या सम असते हे कळलं, पण तिला चाराने भाग जातो का? आठाने? बिंदू वाढवत गेलं तर कितीपर्यंत? मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, मलाही नाही, आणि तुझ्याकडे पीएच.डी.ला जागा आहे का.

या मार्चमध्ये तिची संशोधन समितीपुढे मुलाखत झाली. आमच्याच कॉलेजात, दुपारी, पंख्याखाली. मी मार्गदर्शक, म्हणून मला मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तिने केस नीट बांधले होते. कानामागे पांढरे झाले आहेत हे मला त्या उजेडात पहिल्यांदा दिसलं. समितीतल्या एका तरुण प्राध्यापकाने कागद चाळत विचारलं की मधली इतकी वर्षं काय केलंत. ती म्हणाली, मुलगी वाढवली, सासूबाईंचं केलं, बारावीला शिकवलं. एवढ्यावर ती थांबली. मी कितीदा खुर्चीतून अर्धी उठले असेन, कुणास ठाऊक. अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, प्रश्न काय आहे तो फळ्यावर सांगा.

ती उठली. खडू घेतला. पहिला बिंदू लांबट आला. दुसरा गोल आला. बारा बिंदू काढून झाल्यावर ती आमच्याकडे पाठ करून बोलू लागली, आणि हळूहळू तिचा आवाज त्या खोलीला पुरून उरायला लागला. तरुण प्राध्यापकाने आपली खुर्ची पुढे ओढली. कुणीतरी मध्येच एक शंका काढली, तिने ती झटकून न टाकता फळ्याच्या तळाशी लिहून ठेवली आणि पुढे गेली. फळा भरला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, पुरे झालं असं म्हणाले, आणि पुढच्या उमेदवारासाठी फळा पुसायला स्वतःच डस्टर उचललं.

"सर, वरचं पुसा," सुनंदा म्हणाली. "खालचं राहू द्या. ते अजून सुटलेलं नाही."